मोटारसायकलवरचा टेंट: वजन आधी की लांबी?

मोटारसायकलला टेंट बांधून मुक्कामी फिरायचं ठरवलेला माणूस दुकानात गेला की आधी विचारतो, किती किलोचा आहे? मग विचारतो, किती माणसांचा आहे? पाठीवर सॅक घेऊन डोंगर चढणाऱ्यांच्या गरजेतून हे प्रश्न आलेले आहेत आणि त्यांच्यापुरते ते बरोबर आहेत. पण लातूर जिल्ह्यातल्या मुरुडहून शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर तेरला, नळदुर्गला किंवा थेट किनवट-माहूरच्या जंगलाकडं निघालेल्या माणसाला एवढ्या दोन प्रश्नांवर योग्य टेंट मिळत नाही. त्यानं दोन वेगळ्या गोष्टी आधी तपासाव्यात, असं माझं म्हणणं आहे. रॉडची घडी केल्यावर त्यांची लांबी किती उरते, ही पहिली. खुंट्या न ठोकता टेंट आपल्या पायावर उभा राहतो का, ही दुसरी. वजन, रंग, कंपनी, किती माणसांचा हे सगळं त्यानंतर. या म्हणण्याला दोन टोकांहून विरोध होतो आणि दोन्ही विरोध मनापासूनचे आहेत, म्हणून ते दोन माणसांच्या तोंडी देतो. ही माणसं कल्पित आहेत. एक मामा, मुरुडच्या बाजारात ताडपत्री, दोर, सुतळी विकणारे. दुसरा त्यांचा भाचा, पुण्यात नोकरी करणारा, सुट्टीत गाडीवर फिरणारा आणि टेंटबद्दल सापडेल ते सगळं वाचून बसलेला.

मामांचा मूळ मुद्दा टेंट कोणता घ्यावा हा नाहीच. "कशाला पैसे घालायलास?" ते विचारतात. "तेरला जा, गोरोबाकाकांच्या गावात पाठ टेकायला जागा मिळती. तुळजापूरला भक्तनिवास आहे, माहूरला आहे. आन् उघड्यावरच झोपायची हौस आसंल तर एक ताडपत्री ने. ऊसतोडीची माणसं सहा-सहा महिने कोपीत काढतेत. बांबू, तट्ट्या, पाचट आन् वरून कागद, झालं घर. पंढरीच्या वाटंवर लाखो लोक राहुटीत झोपतेत. त्यांनी कधी विचारलं का, रॉड ॲल्युमिनियमचा हाय का कशाचा?" या बोलण्यातला अर्धा भाग मला पटतो आणि तो आधी मान्य करायला हवा. मराठवाड्यात मोठ्या रस्त्यावर आणि तीर्थाच्या गावी टेंटची गरज फार कमी पडते. देवस्थानाची खोली, धर्मशाळा, शाळेचा व्हरांडा, ओळखीच्याच्या शेतातला आखाडा यांतलं काही ना काही मिळतंच. त्यामुळं वर्षातून मोजक्या रात्री लागणाऱ्या वस्तूवर किती खर्च करायचा, हा मामांचा प्रश्न रास्त आहे. ज्याला फक्त देवदर्शन करत फिरायचं आहे त्यानं टेंट घेऊच नये.

पण कोपीचा आणि राहुटीचा दाखला इथं लागू पडत नाही. कोपी एकदा उभी राहिली की फड संपेपर्यंत तिथंच असते. तिचं सामान ट्रॅक्टरमधून किंवा बैलगाडीतून येतं आणि ती उभारायला घरातली दोन-चार माणसं हाताशी असतात. दिंडीची राहुटी ट्रकमधून पुढं जाते, वारकरी मागून मोकळा चालत येतो. दोन्ही ठिकाणी निवारा वाहणारा आणि निवाऱ्यात झोपणारा यांच्यामध्ये एक मोठं वाहन उभं आहे. मोटारसायकलवाल्याकडं ते नाही. त्याला सगळा निवारा एका सीटवर मावायला हवा, संध्याकाळी एकट्यानं उभा करता यायला हवा आणि सकाळी तासाभरात परत गाडीवर चढायला हवा. शिवाय कोपीत राहणारी माणसं ते हौसेनं निवडत नाहीत. पाऊस, थंडी, साप-विंचू हे सगळं सोसून ती कोयत्यावर जातात. त्यांच्या हालांना आपल्या सहलीचा मापदंड करणं मला बरं वाटत नाही.

ताडपत्रीच्या विरोधात सगळ्यात जड पुरावा सापाचा आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाच्या बाबतीत हे वारंवार आढळलेलं आहे. दंशाची जागा पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूण दिसत नाही. झोपेतून उठलेल्या माणसाचं पोट दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, आणि श्वास अडखळेपर्यंत घरच्यांना कळत नाही की साप चावलाय. विंचवाचाही धोका आहेच. लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिन या औषधानं जीव वाचतो हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या परिसरात काम करून जगापुढं मांडलं, आणि ते मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. पण औषध आहे म्हणून दंश पत्करण्यात शहाणपण नाही, त्यातही दवाखाना तीस-चाळीस किलोमीटरवर असताना. टेंट आणि ताडपत्री यांत खरा फरक पडतो तो इथं. टेंटची जमीन चारी बाजूंनी वीतभर वर उचलून जाळीला शिवलेली असते आणि दाराची चेन खालपर्यंत बंद होते. दुकानात टेंट पाहताना आत बसावं, चेन पूर्ण ओढावी आणि तिच्या दोन्ही टोकांना बोट घालून पाहावं. करंगळी बाहेर गेली तर तो टेंट ठेवून द्यावा. अंथरलेल्या ताडपत्रीला ही कड नाही आणि दारही नाही. म्हणून फक्त ऊन-पावसाच्या हिशेबानं ताडपत्री पुरेल, रात्रीच्या झोपेच्या हिशेबानं ती पुरत नाही.

आता भाचा. त्याला टेंट हवाच आहे, पण तो वजनावर अडलेला आहे. "मामांचं सोडा," तो म्हणतो, "जगभर सगळे हलका टेंट शोधतायत. एक किलोच्या आतले टेंट निघालेत. महाग आहेत, पण एकदाच घ्यायचे. गाडीवर जितकं कमी वजन तितकी गाडी हाताला हलकी, ब्रेक नीट लागतो, मायलेज राहतं. वजन हाच निकष बरोबर आहे." वरवर पाहता हे बिनतोड वाटतं. पण एक किलोच्या आतले बरेचसे टेंट एवढे हलके कसे झाले, हे पाहावं. त्यांच्यातले रॉडच काढून टाकलेले असतात. चालणाऱ्याच्या हातात काठ्या असतातच, त्याच मधोमध उभ्या करून टेंट ताणायचा, अशी त्यांची रचना. मोटारसायकलवाल्याच्या हातात काठी नसते, हँडल असतं. म्हणजे त्याला काठ्या वेगळ्या विकत घ्याव्या लागणार, वेगळ्या बांधाव्या लागणार आणि टेंटमध्ये वाचवलेलं वजन तिथं पुन्हा चढणार. शिवाय असा टेंट पूर्णपणे खुंट्यांच्या ताणावर उभा असतो. त्याचं इथल्या मातीत काय होतं ते पुढं येईलच.

हलकेपणाचा आग्रह आला कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. थॉमस हायरम होल्डिंग हा इंग्लंडमधला शिंपी 1897 मध्ये सायकलवर तंबू लादून आयर्लंडमध्ये फिरला, पुढच्या वर्षी त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं आणि 1901 मध्ये सायकलवर मुक्कामी फिरणाऱ्यांची संघटना काढली. आजच्या छोट्या तंबूच्या परंपरेचं एक टोक त्याच्यापर्यंत जातं. त्याच्या दृष्टीनं हलकेपणा सर्वस्व होता, कारण सायकल त्याच्याच पायांवर चालत होती आणि चढावर प्रत्येक शेर त्याच्या मांड्यांना कळत होता. डोंगर चढणाऱ्यालाही तसाच कळतो. इंजिनावर बसलेल्या माणसाचा हिशेब वेगळा आहे. स्प्लेंडरसारखी गाडी साधारण 112 किलोची असते आणि कंपनी तिच्यावर माणसं व सामान मिळून 130 किलोपर्यंत भार धरते. एकट्या सत्तर किलोच्या माणसामागं साठ किलोंची मोकळीक उरते. एक किलोचा आणि अडीच किलोचा टेंट यांत फरक दीड किलोचा. मराठवाड्यातल्या वाटेवर माणूस चार-पाच लिटर पाणी बरोबर घेतो, त्यातलं दीड लिटर प्यायला की तेवढा फरक भरून निघतो. मायलेज आणि ब्रेक यांवर दीड किलोचा परिणाम कुणालाही जाणवणार नाही.

भार किती यापेक्षा तो कुठं पडतो हे महत्त्वाचं. बार्शी-लातूरच्या पट्ट्याला हे सांगायची गरज पडू नये. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी बार्शी लाइट रेल्वे आखली, 1897 मध्ये ती सुरू झाली आणि 1911 मध्ये लातूरपर्यंत पोचली. त्या अरुंद रुळांवर मोठी वाहतूक चालली, कारण गाडीतल्या कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही असा हिशेब त्यांनी सुरुवातीलाच बांधला होता. एकूण वजनाला ते घाबरले नाहीत, ते आसांवर वाटून दिलं. मोटारसायकलवर आस दोनच. सामान मागच्या आसाच्या पुढं, सीटवर, कमरेला टेकून बसलं तर गाडी सरळ चालते. तेच सामान मागच्या कॅरिअरवर, आसाच्या मागं लोंबलं तर पुढचं चाक हलकं होतं आणि खडीवर, खड्ड्यात, वळणावर हँडल सैल पडल्यासारखं होतं. म्हणून सीटवर आडवा नीट बसणारा अडीच किलोचा टेंट मागं लटकणाऱ्या दीड किलोच्या टेंटपेक्षा चांगला. आणि तो सीटवर बसेल का, हे त्याची लांबी ठरवते.

लांबीचं गणित साधं आहे. स्प्लेंडरची रुंदी, म्हणजे हँडलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, 72 सेंटिमीटर. स्वस्त टेंटची पिशवी बहुधा साठ सेंटिमीटरच्या आसपास असते, कारण त्यातले फायबरग्लासचे रॉड लांब तुकड्यांचे असतात. ती आडवी बांधली की दोन्ही बाजूंना हँडलच्या जवळपास बरोबरीनं बाहेर येते, आणि सीटच्या रुंदीपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळं तिची टोकं अधांतरी राहून धक्क्यांनी हलत राहतात. हंगामात लातूर-बार्शी रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालतात, मोळ्या बाजूंना बाहेर आलेल्या असतात आणि त्यांच्या कडेनं काढताना माणूस आपलं हँडल निघेल एवढाच अंदाज घेतो. मागं काय बाहेर आलंय हे त्याच्या डोक्यात नसतं. उभी बांधावी तर पिशवी सायलेन्सरच्या बाजूला येते, आणि पॉलिस्टर असो वा नायलॉन, गरम सायलेन्सरला टेकलं की वितळतं. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरचे रॉड असले की हे सगळे प्रश्न सुटतात. दुकानात पिशवीची लांबी मोजून मात्र उपयोग नाही. कापड कुठल्याही आकारात कोंबता येतं, लांबी ठरते ती रॉडच्या एका तुकड्यावर. म्हणून रॉड बाहेर काढून मोजावेत. गाडीवर बांधतानाही रॉड वेगळ्या पिशवीत ठेवावेत. कापडात गुंडाळलेले रॉड दिवसभराच्या हादऱ्यांनी एकाच जागी घासत राहतात आणि घडीच्या कडेला बारीक भोकं पडतात.

भाच्याचा यावर नेमका आक्षेप आहे: "तुकडे लहान केले की सांधे वाढतात. जितके सांधे तितक्या मोडायच्या जागा, आणि वजनही थोडं वाढतं." आक्षेप खरा आहे. म्हणूनच तीस सेंटिमीटरच्या तुकड्यांचे जे टेंट सायकलवाल्यांसाठी म्हणून विकले जातात, ते मी मोटारसायकलवाल्याला सुचवणार नाही. त्याला तेवढ्या आखूडपणाची गरज नाही. पंचेचाळीसच्या आसपास थांबावं आणि रॉड ॲल्युमिनियमचे घ्यावेत. फायबरग्लास मोडतं तेव्हा उभं चिरतं, त्याच्या कुसळांनी हात फाटतो आणि कापडही. ॲल्युमिनियम आधी वाकतं. वाकलेल्या किंवा तुटलेल्या जागेवर बोटभर लांबीची नळी सरकवून वर चिकटपट्टी गुंडाळली की रात्र निघते. ती नळी टेंटबरोबर आली आहे का, ते विकत घेतानाच पाहावं. किमतीत काही हजारांचा फरक पडतो आणि मामांना तो खटकणार, पण पैसे घालायचेच तर इथं घालावेत.

दोघं एका गाडीवर असतील तर मात्र भाच्याचं म्हणणं बरंच खरं ठरतं. दोन माणसांतच ते 130 किलो जवळपास संपतात, मागची सीट भरते आणि सामानाला कॅरिअरची आसामागची जागाच उरते. तिथं प्रत्येक किलोला किंमत आहे. अशा जोडीनं हलक्या टेंटवर जास्त खर्च करावा किंवा सामान वाटून दोन गाड्या काढाव्यात. माझं म्हणणं मुख्यतः एकट्या स्वाराबद्दल आहे आणि तिथं मी वजनाला तिसरं स्थान देतो. उलट टोकाला, गाडीसुद्धा आत उभी राहील असे मोटारसायकलसाठीचे खास टेंट परदेशी कंपन्या विकतात. ते पाच-सहा किलोंचे असतात. मोठ्या गाडीवर, महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासाला ते ठीक असतील. इकडं एवढ्या मोठ्या कापडाला वारा धरतो, आणि गाडीला छपराची गरज नसते.

आता जमीन. टेंटबद्दल मराठीत जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक पवना धरणाच्या काठाचं किंवा कोकणातल्या पुळणीचं असतं. मुरुड म्हटल्यावरही पुष्कळांना समुद्रकाठचं मुरुडच आठवतं. तिथली माती, तिथली वाळू आणि आपली जमीन यांचा काही संबंध नाही. आपल्याकडं एक तर काळी माती आहे, नाहीतर मुरमाड माळ. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि दोन भेगांमधलं ढेकूळ इतकं टणक होतं की सोबत मिळालेली सळईसारखी खुंटी त्यात वाकते. पाऊस झाला की तीच माती लोण्यासारखी मऊ होते आणि ठोकलेली खुंटी वाऱ्याच्या पहिल्या झटक्याला बाहेर येते. माळावर वीतभर मुरूम, त्याखाली बेसॉल्टचा खडक. म्हणजे वर्षातले बरेच महिने इथं खुंटीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि जो टेंट खुंट्यांच्या ताणावरच उभा राहतो तो कितीही हलका असला तरी इथं आडवाच होणार. एकमेकांना छेद देणाऱ्या दोन रॉडवर आपणहून उभा राहणारा, घुमटासारखा टेंट घ्यावा. ही कल्पना नवी नाही. बिल मॉस या अमेरिकन माणसाचा 1955 चा पॉप टेंट असाच उभा राहायचा, आणि बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटांवरून स्फूर्ती घेऊन 1975 मध्ये नॉर्थ फेसनं त्याची मजबूत आवृत्ती काढली. आज बाजारातल्या साध्या टेंटमध्येही ही रचना असते. दुकानदाराला एकच सांगावं: फरशीवर, एकही खुंटी न लावता उभा करून दाखवा. तिथं उभा राहिला तर माळावर राहील. याच परीक्षेत बोगद्याच्या आकाराचे टेंट नापास होतात, काठीवरचेही होतात. तबकडीसारखे गोल मिटणारे झटपट टेंट पास होतात, पण त्यांची तबकडी दोन फुटांहून मोठी असते आणि ती गाडीवर बांधायची कुठं, हा प्रश्न उरतो.

"आपणहून उभा राहिला म्हंजी आपणहून उडणार पण," मामा म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. वळवाआधीचा वारा, दुपारची वावटळ रिकामा टेंट चेंडूसारखा लोळवत नेईल. आपणहून उभा राहणाऱ्या टेंटलाही धरून ठेवावं लागतं, फक्त ते खुंटीनंच धरायला हवं अशी सक्ती नसते. आधी सगळं सामान आत ठेवावं. चारही कोपऱ्यांच्या दोऱ्या दगडांना बांधाव्यात आणि दगड आपल्या माळावर मागाल तेवढे आहेत. काळ्या शेतात दगड नसतील तर सोबतच्या चार रिकाम्या पिशव्यांत माती भरून त्या बांधाव्यात. वाऱ्याच्या बाजूची एक दोरी गाडीच्या लेगगार्डला घालता येते, पण गाडी डबल स्टँडवर हवी. साइड स्टँड मऊ मातीत रुतून गाडी रात्रीत टेंटवर कलंडू शकते, म्हणून स्टँडखाली चपटा दगड घालायला विसरू नये. हे सगळं मामांच्या दुकानातल्या दोरानं होतं, आणि टेंटबरोबर मिळणाऱ्या बारीक दोरीपेक्षा तो दोर चांगला. ताडपत्रीचा एक तुकडाही त्यांच्याकडूनच घ्यावा, टेंटच्या खाली अंथरायला. बाभळीचे आणि सराट्याचे काटे टेंटच्या जमिनीला पहिल्याच मुक्कामात भोकं पाडून ठेवतात. तुकडा टेंटच्या तळापेक्षा चार बोटं लहान हवा. मोठा असला तर पावसाचं पाणी त्यावर साचून टेंटखाली येतं.

भाच्यानं मधे झोळीचाही पर्याय काढला होता: दोन झाडं, एक झोळी, ना खुंटी ना रॉड. राज्यात सगळ्यात कमी वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांत लातूर मोडतं. बांधावरची एकटी बाभूळ, देवळाजवळचा एकटा लिंब. माणूस पेलणारी, हव्या त्या अंतरावरची दोन झाडं रोज संध्याकाळी शोधत बसणं व्यवहाराचं नाही. झाडी दाट आहे ती किनवटकडं किंवा येडशीच्या रामलिंग घाटात, आणि रामलिंग घाट अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं मुक्काम करता येत नाही, मग झोळी असो वा टेंट. संरक्षित किल्ल्यांचंही तसंच. नळदुर्ग, परंडा, औसा, कंधार दिवसा पाहावेत आणि रात्री बाहेर पडावं. राहायला उरतो तो माळ, तलावाचा काठ आणि शेत, तेही मालकाला विचारूनच.

हवेच्या बाबतीत थोडक्यात सांगता येईल. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. एकेरी कापडाच्या टेंटमध्ये ते वरच्या कापडावर जमतं आणि पहाटे अंगावर गळतं. हिवाळ्यात मांजराच्या किंवा तेरणेच्या काठावर दव पडतं तेव्हा तर नक्कीच. म्हणून आत जाळीचा टेंट आणि वर वेगळा फ्लाय अशी दुहेरी रचना हवी. उन्हाळ्यात फ्लाय काढून नुसत्या जाळीत झोपता येतं आणि मण्यारीपासूनचं संरक्षण तसंच राहतं. फ्लाय पॉलिस्टरचा घ्यावा. नायलॉन भिजल्यावर सैल पडतं आणि उन्हानं लवकर कुजतं, आणि आपल्याकडं पावसापेक्षा ऊन कापड जास्त खातं. पाणी रोखण्याचा आकडा 2000 ते 3000 मिलिमीटर असला तर फ्लायला पुरे. वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात हिमालयातल्या टेंटचे आकडे विकत घेण्यात अर्थ नाही. किती माणसांचा, या प्रश्नाचं उत्तर मात्र एकट्यासाठीही दोन माणसांचा, असंच आहे. हेल्मेट, जॅकेट, बूट, सॅडलबॅग आत घ्याव्या लागतात. बूट बाहेर ठेवले तर सकाळी पाय घालण्याआधी विंचवासाठी झटकावे लागतात.

मामांचा शेवटचा आक्षेप विजेचा, आणि त्याला माझ्याकडं टेंटच्या बाजूनं उत्तर नाही. मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात दरवर्षी शेतात माणसं आणि जनावरं विजेनं मरतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं लातूरसह मराठवाड्यात उभी पिकं आडवी केली. असल्या गारांपुढं कुठलंही कापड टिकत नाही. ॲल्युमिनियमच्या रॉडचा घुमट विजेपासून वाचवत नाही, माळावरचा एकटा उंच टेंट तर धोका वाढवतो, आणि झाडाखाली गेलं तर तो आणखी वाढतो. "मंग?" मामा विचारतात. मग टेंट सोडायचा, सामान तिथंच टाकायचं आणि पक्क्या छपराच्या घरात जायचं. वळवाच्या दिवसांत मुक्कामाची जागा निवडतानाच जवळचं गाव किती मिनिटांवर आहे ते पाहून ठेवावं, काळ्या मातीतून पाऊस पडल्यावर गाडी निघत नाही हे धरून पायी मोजावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप भाच्याच्या फोनमध्ये आहे, आसपास वीज पडत असल्याची सूचना ते देतं. तशी सूचना संध्याकाळीच आली तर त्या दिवशी टेंट पिशवीतून काढूच नये. मामा म्हणतात तसं भक्तनिवास गाठावं.